पुढच्या खोलीतली मरियामाता

स्टेलाच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी तिची मरियामाता अजून लग्नात आणलेल्या पेटीतच होती, साड्यांच्या घडीत गुंडाळलेली. माहेर कॅथलिक, सासर प्रोटेस्टंट. नेवासा तालुक्यातल्या त्या गावात अशी लग्नं होतात, आणि मग कोणत्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचं यावरून घरात धुसफूसही होते. रविवारी सासरच्या देवळात जायचं स्टेलाने मान्य केलं होतं. पण सासरे गिदोनमामा एवढ्यावर थांबले नाहीत. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी बजावलं, "या घरात मूर्ती चालायची न्हाई. पवित्र शास्त्रात लिवलंय." नवरा स्टीफन नगरजवळच्या नागापूरला कारखान्यात कामाला. आठवड्याने घरी यायचा, "म्हाताऱ्याच्या नादी लागू नको" म्हणायचा आणि कुशीवर वळायचा.

मग रोज संध्याकाळी स्टेला आतल्या खोलीत पेटी उघडून बसायची आणि जपमाळ करायची. एकदा शेजारची कडूबाई विरजण मागायला तडक आत आली आणि दारातच थबकली.

"का गं, पेटीशी काय बोलतीस?"

स्टेलाने खरं ते सांगितलं.

"आन् मग दडवायचं कशाला? देव काय चोरून आणलाय व्हय?" कडूबाई म्हणाली आणि विरजण घेऊन गेली.

तो शब्द स्टेलाला झोंबला. अंगणवाडीत शिकवताना पोरांना ती ठणकावून सांगायची, भ्यायचं नाही. आणि आपण दार लोटून कुजबुजत बसतो! तिने सूर्यभान सुताराकडून बाभळीची जाड फळी तासून आणली आणि त्यालाच बोलावून ती पुढच्या खोलीत, दारातून पाऊल टाकताच दिसेल अशी भिंतीत बसवून घेतली. टीव्ही खाली उतरला. फळीवर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल अंथरला. मधोमध क्रूस, त्याच्यामागे ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारची वाळकी झावळी. शेजारी पेटीतली, माहेरी असताना हरेगावच्या यात्रेतून आणलेली मरियामाता, पुढे मेणबत्ती, अंगणातला झेंडू.

मामा शेतावरून आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"काढ ते."

"न्हाई काढनार, मामा."

"मूर्तीला भजतीस?"

"मूर्तीला कशाला भजू? सासूबाईंचा फोटू तुमी रोज धोतराच्या सोग्यानं पुसता. फोटूला भजता का?"

मामांचा चेहरा उतरला. स्टेलाला वाईट वाटलं, पण शब्द तिने मागे घेतला नाही. "तुमच्या देवळात येते, पुढंबी येईन. पर हे घर माझंबी हाय. मी काय इथं पावनी न्हाई."

त्या दिवसापासून मामांनी खुर्ची फिरवली, फळीकडे पाठ करून बसू लागले. तिची जपमाळ सुरू झाली की ते खड्या आवाजात स्तोत्रं वाचायचे. मग तीही आवाज चढवायची. गल्लीला दोघांचंही ऐकू जायचं.

गोष्ट सासरच्या देवळापर्यंत गेली. मंडळीचे पंच भिमाजी आणखी दोघांना घेऊन आले.

"गिदोनराव, सुनेला आवरा. न्हाईतर ती फळी आमाला उतरवावी लागंल."

स्टेला पदर खोचून फळीपुढे येऊन उभी राहिली. "उतरवा. बघू कुनाचा हात पोचतो ते."

भिमाजी उठू लागले. तेवढ्यात मामांनी काठी आडवी धरली.

"खाली बस, भिमाजी. भांडण माझं न् तिचं हाय. तुमी कुठनं आला मधी?"

पंच चहाही न घेता गेले. मामांनी सुनेकडे बघितलंसुद्धा नाही. "मला पटलंय आसं समजू नको," एवढं मात्र म्हणाले.

"नका पटवून घेऊ," स्टेला म्हणाली. "फळी तिथंच ऱ्हाईल."

पुढच्या महिन्यात तिने कॅथलिक देवळातल्या फादरना बोलावून फळी आशीर्वादित करून घेतली. दारं सताड उघडी ठेवली, कडूबाईसह सगळी गल्ली बोलावली. स्टीफन रजा काढून आला आणि तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला. मामा काही आत आले नाहीत. ओट्यावरच बसून राहिले. फादर निघाले तेव्हा मामांनी शेजारी जागा करून दिली आणि म्हणाले, "बसा. आता माझं ऐकून जावा."

आतून स्टेलाने दोघांसाठी चहा पाठवला आणि स्वतः कान देऊन दारात उभी राहिली. मामा चुकीचं काही बोलले तर तिलाही उत्तर द्यायचंच होतं.