नागुबाईचा पुकारा

आनंदराज सर आम्हाला नांदेडच्या लॉ कॉलेजात दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया शिकवतात. वीस वर्षं एकच घोषा: "कलमं मागाहून पाठ करा, आधी तारखेला हजर राहा!" पण बोलायला लागले की घड्याळाचं भान नाही.

त्यांची आई नागुबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दिरानं तिच्या हिश्श्याचं दीड एकर दाबलं, त्याचा दावा मुदखेडच्या कोर्टात अकरा वर्षं चाललेला. गेल्या मार्चात अखेर तिची साक्ष लागली. सरांनी काय करावं? त्याच दिवशी आमच्या वर्गाला कोर्ट दाखवायला तिथंच नेलं. तेवढीच रजा वाचली म्हणे! अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

सरांनी आईला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. "माय, वकीलसाहेब येऊन राहिलेत. मी न्यायला आल्याशिवाय उठू नको." मग आम्हाला पलीकडच्या कोर्टात जामिनाची सुनावणी दाखवली. बाहेर आलो आणि मला आगाऊपणा सुचला. "सर, पुकारा झाला आन् पक्षकारच नसला तर?"

सर खुलले. शिपाई नाव कसं पुकारतो, कुणीच आलं नाही तर दावा कसा फेटाळतात, सगळं हातवारे करून सांगितलं. त्यात अर्धा तास गेला.

परतलो तर नागुबाईचा दावा गैरहजेरीत फेटाळलेला. वकिलांची गाडी वाटेत बंद पडलेली. नागुबाई बाकावरच, पिशवी मांडीवर घेऊन.

"माय, तुझं नाव ऐकू नाही आलं?" सर ओरडलेच.

"आलं की. तीनदा आलं. तूच म्हनलास ना, मी आल्याबिगर उठू नको."

सर मटकन तिच्या पायाशी बसले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दावा पुन्हा उघडायचा अर्ज केला. वकील म्हणाले, कारण आजारपण लिहू, सगळे तेच लिहितात. सर म्हणाले, "खरं तेच लिहा. मी शिकवत होतो." माझंही प्रतिज्ञापत्र जोडलं. तेव्हापासून दीर नुसत्या तारखा मागून घेतोय, आणि नागुबाईनं अंथरूण धरलंय.

परवा भेटायला गेले. माझा हात धरून म्हणाली, "पोरी, तुझ्या सरांना सांग. आता पुकारा झाला तरी मला उठता येत न्हाई."