सोलापूरकर गरम पाण्याला जातात

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. कपाटावर जुने नकाशे साठतात तसे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात आणि पुढचा तास बुडतो. गेल्या मे महिन्यापासून आमच्याकडे एकाच विषयाचे किस्से पडतायत. विषय : गरम पाण्याच्या झऱ्याचे आरोग्यास होणारे फायदे. मी विज्ञान शिकवतो, तेव्हा हे फायदे शास्त्रशुद्ध सांगणं माझं कर्तव्यच आहे.

* * *

सुरुवात झाली बिराजदार मॅडमच्या खांद्यापासून. मॅडम दहावीला गणित शिकवतात. वर्षभर त्यांचा उजवा खांदा धरला होता, हात खांद्याच्या वर जाईना. त्यामुळे त्या फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच गणितं सोडवायच्या आणि मागच्या बाकांवरची पोरं उभी राहून लिहून घ्यायची. "खालचा फळा माझा, वरचा देवाचा," असं हसून म्हणायच्या. पण मला त्यांचं फार वाईट वाटायचं, कारण हेडसरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जूनपर्यंत हात वर गेला तर दहावी अ तुमची. नाही तर ग्रंथालय सांभाळा." आमचं ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि वाळवी!

डॉक्टर झाले, तेल झालं, शेक झाला. मग हेडसरांच्या मेहुण्याने कोकणातलं एक गरम पाण्याच्या झऱ्याचं रिसॉर्ट सुचवलं. गंधकाचं पाणी, तीन दिवसांत सांधे मोकळे! झालं, मॅडमच्या खांद्यासाठी अख्ख्या स्टाफची सहल ठरली. कधी? मे महिन्यात! रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना आम्ही सोलापूर सोडून गरम पाण्यात बसायला निघालो.

आमच्या पीटीच्या पवार सरांची आई मंगळवेढ्याची. तिने हे ऐकून एवढंच विचारलं, "गच्चीवरच्या टाकीचा नळ दुपारी सोड की! त्याला कोकण कशाला लागतंय?"

* * *

रिसॉर्टच्या दारात मोठा बोर्ड होता. या पाण्याने बरे होणारे विकार : संधिवात, त्वचारोग, निद्रानाश, रक्तदाब, मधुमेह. आम्ही भक्तिभावाने वाचत वाचत खाली आलो, तर शेवटी लाल अक्षरांत सूचना. रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांनी पाण्यात उतरू नये.

हेडसरांना दोन्ही आहेत. त्यांनी बोर्ड वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला आणि म्हणाले, "म्हणजे ज्यांना बीपी नाही, त्यांचा बीपी इथे बरा होतो!"

त्यानंतर पूर्ण मुक्काम ते कुंडाच्या काठावर बूट घालून खुर्चीत बसले आणि आम्हाला "अजून बसा, अजून बसा" म्हणत राहिले.

* * *

पाण्यात उतरण्याआधी तपासणी सक्तीची होती. पांढऱ्या कोटातला एक 'वेलनेस एक्स्पर्ट' जीभ बघायचा, नाडी धरायचा आणि डोळे मिटायचा. मला म्हणाला, "तुमच्या शरीरात उष्णता फार आहे." माझ्या मागच्यालाही तेच म्हणाला. त्याच्या मागच्यालाही तेच.

पवार सरांचा नंबर आला तेव्हा ते वैतागलेलेच होते. "अवो साहेब, आमी सोलापूरचं हाय. मे महिना हाय. आत काय बर्फ सापडंल व्हय?"

एक्स्पर्ट शांतपणे म्हणाला, "त्यावर उपाय आहे. रोज सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात बसा."

* * *

हिरेमठ सर मूळचे अक्कलकोटकडचे. कांदा-लसूण चालतो, पण अंड्याचं चित्रसुद्धा चालत नाही. खोलीचं दार उघडलं आणि ते तसेच मागे सरकले. "अय्यो! हितं अंडी शिजवतात की हो!"

मॅनेजर धावत आला. किचन शुद्ध शाकाहारी आहे, हा वास पाण्यातल्या गंधकाचा आहे, असं त्याने शपथेवर सांगितलं. मीही पुढे झालो आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सविस्तर समजावला. सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वायू तुमचा असू दे की सर. वास अंड्याचाच हाय!"

मग काय, सरांनी रिसॉर्टच्या जेवणाला हात लावला नाही. घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, तीही पुरवून पुरवून. परत आल्यावर पँटला नवीन भोक पाडलेला पट्टा दाखवत सगळ्यांना सांगत होते, "वजन उतरलं बघा. पाण्याचा गुण!"

त्यांचं ऐकून गल्लीतल्या दोघांनी बुकिंगही केलं.

* * *

आता हा किस्सा सोलापूरच्या बाहेर कुणाला पटत नाही. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, येतं तेव्हा येतं. त्यामुळे सोलापूरकराचे डोळे झोपतात, कान झोपत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाइपात गुरगुर झाली आणि पवार सर कॉरिडॉरमध्ये ओरडले, "पाणी आलं! पाणी आलं!"

सगळा स्टाफ ताडकन उठला. बादल्या भरल्या, प्लास्टिकचे मग भरले, थर्मास भरले, पाण्याच्या बाटल्या भरल्या. हेडसरांनी तर खोलीतली कचऱ्याची बादली स्वच्छ धुऊन भरली. कोपऱ्यातला नळ मोठा होता, तिथे रांग लागली आणि रांगेत थोडी वादावादीही झाली. आवाज ऐकून मॅनेजर डोळे चोळत आला. म्हणाला, "सर, इथे चोवीस तास पाणी असतं."

चित्रकलेचे येमूल सर रांगेत शेवटी उभे होते. त्यांनी काळजीने विचारलं, "मग तुम्ही एवढं भरून ठेवता कशात?"

तो कोपऱ्यातला नळ थेट झऱ्याचा होता हे नंतर कळलं; मे महिन्यात नळाला गरम पाणी आलं तर सोलापूरकराला शंका येत नाही. तोवर आम्ही निम्म्या बाटल्या पिऊन संपवल्या होत्या. पोट साफ होण्याचा फायदा बोर्डावर लिहिलेला नव्हता. तो शोध आमच्या शाळेच्या नावावर आहे.

* * *

याच येमूल सरांच्या घरी टॉवेलचे लूम आहेत, धाकटा भाऊ बघतो. निघायच्या दिवशी रिसॉर्टच्या दुकानात त्यांना 'मिनरल थेरपी टॉवेल' दिसला. झऱ्याच्या काठी बसून गुण शोषून घेतलेला म्हणे! सरांनी काठ चाचपला, उलटा करून बघितला आणि विकत घेतला.

घरी भावाने पिशवी उघडली. "अण्णा, हा तर आपल्याच लूमचा! यात नवीन काय हाय?"

"किंमत," येमूल सर म्हणाले.

* * *

आणि बिराजदार मॅडम?

त्या एकट्याच मनापासून उपचार घेत होत्या. सकाळी गळ्यापर्यंत पाण्यात, संध्याकाळी गळ्यापर्यंत पाण्यात. चेहरा टोमॅटोसारखा लाल, पण हात होता तिथेच. परतीच्या बसमध्ये त्यांनी वरची बॅग काढायला मलाच सांगितलं. बॅग मांडीवर घेऊन म्हणाल्या, "चला, आता वाळवीला गणित शिकवते." या वेळी त्या हसल्या नाहीत. मला हेडसरांच्या त्या मेहुण्याचा असा राग आला, की तो बसमध्ये असता तर त्याला खिडकीतून खाली उतरवला असता.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी स्टाफ मीटिंग. हेडसरांनी घसा साफ केला. "रिसॉर्टवाल्यांनी आपल्याला खास सवलत दिली आहे. तेव्हा यापुढे दरवर्षी सहल तिथेच जाईल. प्रत्येकाने यायचंच. कुणाचा विरोध असेल तर हात वर करा."

आता हेडसरांना विरोध! आमच्या शाळेत असं घडलेलं कुणाला आठवत नाही. पवार सर बुटाची लेस बांधायला वाकले. येमूल सर कागदावर गोल काढायला लागले. हिरेमठ सरांनी डोळे मिटले. मी पंखा बघत होतो. कसा फिरतो हे विज्ञानाच्या शिक्षकाने बघायलाच पाहिजे.

पंख्याच्या खाली एक हात दिसला. सरळ, ताठ, वर. बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत आलेल्या. बिराजदार मॅडम!

उजवा हात!

मॅडमनी स्वतःच मान वर करून त्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

हेडसर क्षणभर गोंधळले. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी टेबलावर थाप मारली. "बघा! याला म्हणतात पाण्याचा गुण! बघताय ना सगळे? लिहा हो, सहल मंजूर!"

"आधी दहावी अ लिहा," मॅडम म्हणाल्या. हात अजून वरच होता.