कलशावरचा पाम

मूल व्हावं म्हणून चाललेले उपचार आम्ही दोघांनी बंद केले, त्याच आठवड्यात मी हा पाम घरी आणला. दोन्हींचा काही संबंध नाही. बँकेतून येताना वाटेवरच्या पर्वत पाटिया भागात एका नर्सरीत दिसला, आवडला, घेतला. कुंडी नाही, मातीचा गोळा, वरून शेवाळ, त्यावर सुतळीचे वेढे आणि डोक्यावर चार-पाच पानं. त्याचं फार करावं लागत नाही. गोळा हातात घ्यायचा, हलका लागला तर बादलीत बुडवायचा, बुडबुडे थांबले की चाळणीत निथळत ठेवायचा. रोज पाणी घातलं तर कुजतो.

मग सासूबाई जळगावकडच्या गावाहून राहायला आल्या. उपचार बंद केल्याचं त्यांना अजून कळवलं नव्हतं. 'तू सांग', 'तुझी आई आहे, तूच सांग', असं आम्हा नवराबायकोचं भिजत घोंगडं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येते तर पाम देवघरात! पाण्यानं भरलेल्या कलशावर, खाली विड्याची पानं, शेवाळाला हळदकुंकवाची बोटं. सासूबाईंचा चेहरा उजळलेला.

"अगं, पूजेच्या नारळाला कोंब फुटला की घरात पाळणा हलतो. आणि तू तो कोपऱ्यात टाकून दिलास?"

डोळ्यांवर चष्मा आहे ना? सुतळी दिसत नाही? मला खरं तर हसू यायला हवं होतं, आला राग. पण एवढ्या आनंदलेल्या माणसाला सांगणार कोण? त्या रोज त्याला फूल वाहायच्या, वर पळीभर पाणी घालायच्या. नवरा पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून दमून यायचा, देवघराकडे एकदा बघायचा आणि मुकाट्यानं जेवायला बसायचा. मोठा शूर माणूस!

हळूहळू पानं पिवळी पडली, गोळ्याला वास यायला लागला. एका सकाळी मी तो सरळ उचलला.

"अगं, काढू नकोस!" सासूबाई ओरडल्याच. "तेवढीच तर आशा आहे."

"आई, हा नारळ नाहीये. शेवाळाचा गोळा आहे, विकत आणलेला. आणि उपचार आम्ही बंद केलेत. आता मूल होणार नाही."

इतकं कोरडं सांगायचं नव्हतं. बोलून गेले.

त्या पाटावर बसल्या. म्हणाल्या, "एवढ्या सुया टोचून घेतल्यास, त्या माझ्यासाठी का गं?"

"थोड्या तुमच्यासाठी," मी म्हणाले. आता लपवायचं तरी काय?

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. मी बाल्कनीत बसून कुजलेलं शेवाळ सोलायला घेतलं. मुळं थोडी शाबूत होती, थोडी काळी पडलेली. तेवढ्यात त्यांचा आवाज आला. माझ्याशी त्या शुद्ध मराठी बोलतात, माहेरच्यांशी अहिराणी. फोनवर बहिणीला सांगत होत्या, "सगळासले सांगी दे. आते मन्ही सूनले कोनी काही इचारानं नही."

तेव्हा मात्र मला रडू फुटलं. हात मातीनं भरलेले, डोळेही पुसता येईनात.