थकलेला माल

चिमूटभर दाणे घ्यायचे, पाण्यात बुडवायचे आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर घासून बघायचे. मग कोणत्या डब्यातला माल वापरायचा ते ठरायचं. "पयले नखाले इचारा," भाऊ म्हणत. "नख खोटं बोलत नाई."

भद्रावतीच्या रस्त्याला, आमच्या वार्ताहर कार्यालयाशेजारी त्यांची शेड होती. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ओल्या ब्लास्टिंगचं एक यंत्र घेतलं होतं. काचेची खिडकी असलेली लोखंडी पेटी, आत हात घालायला दोन रबरी हातमोजे. पाणी आणि काचेचे किंवा खनिजाचे बारीक दाणे हवेच्या दाबाने सुट्या भागावर मारले की गंज, काजळी, जुना रंग निघतो. धूळ उडत नाही. सगळी मेख दाणा निवडण्यात. तुम्ही विचारलंत तर दोन वाक्यांत सांगत : "गोल दाना थोपटते. टोकदार दाना खाते."

मूल गावच्या एका राइस मिलवाल्याने एकदा पंपाचं झाकण आणलं आणि घाई केली. "जाडा दाना मारा ना भाऊ, पाच मिनटात चांदीवानी होऊन जाईन."

"मंग चांदीच घेऊन जा. पंपाचं झाकन काऊन आनलं?"

मिलवाला हसला आणि दीड तास बाकावर बसून राहिला.

दाणा वापरून झिजला की बाकीचे फेकून देतात. भाऊ तो गाळून, वाळवून वेगळ्या बादलीत ठेवत. त्याला ते 'थकलेला माल' म्हणत. तो कशासाठी जपतात, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

मग गडचिरोलीपलीकडच्या गावातून एक आरोग्यसेविका एसटीने आल्या. खताच्या पोत्यात मोटरसायकलच्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं कवच होतं. गाडी त्यांच्या नवऱ्याच्या नावावर. तो वारला होता. गाडी आपल्या नावावर करायची तर आरटीओच्या साहेबाला इंजिन नंबर दिसायला हवा, आणि तो रंगाच्या थरांखाली, पांढऱ्या गंजाखाली गेलेला. चार गावांची फेरी त्या याच गाडीवर करत.

"मले चमक नको भाऊ. नंबर पायजे."

इंग्रजी अंकांचे ठसे उथळ होते. गोल दाणा त्यांच्या कडा दाबून बुजवणार, टोकदार दाणा त्यांना खाऊन टाकणार. भाऊंनी तीन डबे नखावर पाहिले, तिन्ही मागे सारले आणि थकलेल्या मालाची बादली ओढली. झिजलेला दाणा धड थोपटत नाही, धड खात नाही. दाब कमी केला. आधी कवचाच्या कोऱ्या बाजूला मारून पाहिलं. मग नंबरावर थोडं मारायचं, थांबायचं, धुवायचं, पाहायचं.

बाईंनी नंबर लिहिलेलं गाडीचं पुस्तक पिशवीतून काढलं.

"मिटून ठेवा ते. कागद आधी पायला तं डोये तेच वाचतीन."

भाऊ अंक मोठ्याने वाचत गेले, मी लिहीत गेलो. शेवटून दुसऱ्या अंकापाशी ते थांबले. "आठ का तीन, मले सांगता येत नाई."

"एक हात अजून मारा ना भाऊ."

"नाई. अजून मारलं तं आठही जाईन, तीनही जाईन."

पुस्तक उघडलं. त्यात आठ होता. बाकीचे सगळे अंक जुळले. भाऊंनी कवच दारातल्या उन्हात तिरपं धरलं, तेव्हा आठाच्या डाव्या बाजूची केसाएवढी रेघ दिसली.

"सायबाले असंच उन्हात धराले सांगजा, बाई. टेबलावर नाई दिसनार."

दिवाळीआधी ते वारले. झोपेतच गेले. मुलाने यंत्र विकलं, शेडचं शटर खाली ओढलं.

थंडीत एका दुपारी त्या बाई आल्या, मोटरसायकलवर. पुस्तकावर आता त्यांचं नाव होतं.

"भाऊ कुठी आहेत?"

मी सांगितलं. त्यांनी गाडी स्टँडवरून काढली, इंजिनावरच्या नंबराची बाजू शटरकडे येईल अशी फिरवून लावली, आणि उन्हात थोडा वेळ तिच्याजवळ उभ्या राहिल्या.