चार वर्षांचे उपवास

"एका दमात घ्या, मावशी," एक्स-रेवाला म्हणाला. मावशी! मी पन्नाशीला टेकलेय हे खरं, पण त्याच्या डोक्यावर तरी कुठे केस राहिले होते? पेल्यातलं बेरियम म्हणजे कालवलेल्या चुन्यात कुणीतरी स्ट्रॉबेरीची गोळी विरघळवलेली. रागारागानं ते गटागटा प्यायले आणि यंत्रासमोर उभी राहिले. एका मिनिटानं पहिला फोटो, दोन मिनिटांनी दुसरा, पाच मिनिटांनी तिसरा. तेवढ्यात ते पांढरं पोटात उतरलं तर मी पास.

तीन महिन्यांपूर्वी बोरिवलीच्या याच हॉस्पिटलात तोंडावाटे दुर्बीण घालून माझ्या अन्ननलिकेच्या तळाचा आवळलेला स्नायू आतून कापला होता. त्याआधी चार वर्षं माझं जेवण छातीत अडकून राहायचं. तेव्हाच्या फोटोत पाच मिनिटांनंतरही बेरियम तुंबलेल्या मोरीतल्या पाण्यासारखं जागच्या जागी होतं. या वेळी काय दिसेल म्हणून मी धास्तावले होते, कारण मला एकच गोष्ट हवी होती. दहिसरला आईसमोर बसून तिच्या हातची अख्खी तांदळाची भाकरी खायची होती.

आईला या दुखण्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. बाबा गिरणीतून निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. त्यांचंही असंच सुरू झालं होतं, आधी घास अडकायला लागला आणि मग गाठ निघाली. आईनं सहा महिने त्यांच्यासमोर तस्त धरलं होतं. मला गाठ नाही, डॉक्टरांनी छातीठोक सांगितलंय, हे मी तिला शंभरदा सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. 'घास अडकतो' एवढंच ऐकून ती खचली असती. म्हणून मी तोंड शिवून बसले.

पण तिच्याकडे जायचं आणि जेवायचं नाही, हे मालवणी घरात कसं चालावं? पहिल्यांदा नेमकी संकष्टी होती, निभावलं. मग माझं डोकं चाललं. चष्म्याच्या ज्या दुकानात मी कामाला आहे त्याची सुट्टी गुरुवारी असते, मुलुंडहून दहिसरला जायचं ते गुरुवारीच. सांगून टाकलं, दत्ताचे गुरुवार धरलेत. तिनं हौसेनं साबुदाण्याची खिचडी केली. आता अडकणाऱ्या नळीला साबुदाण्याएवढा वैरी दुसरा नाही! मग फक्त दुधावरचा कडक उपवास करावा लागला. जन्मात ज्या बाईनं धड उदबत्ती लावली नाही ती एकदम भक्तीण झाली, आणि आईनं चकार शब्दानं विचारलं नाही.

तिच्या भाकरीसाठी मी किती झुरले ते कुणाला सांगणार? उपवास सोडायला म्हणून तिनं डब्यात बांधून दिलेली भाकरी मी घरी नेऊन बांगड्याच्या तिखल्याबरोबर नुसती चावायची आणि बेसिनमध्ये थुंकायची. चव जिभेवर असायची आणि डोळ्यांत पाणी. नवरा म्हणायचा, "सांगून टाक ना गं." मी त्याच्यावरच खेकसायची.

फोटो झाल्यावर डॉक्टरांनी प्रश्न विचारले. गिळताना अडकतं? वर येतं? छातीत दुखतं? वजन घटतंय? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. परीक्षेत शून्य मिळून आनंद होण्याची माझी ही पहिलीच वेळ. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. पाच मिनिटांच्या फोटोत नळी रिकामी होती.

"आता काय खायचं ते खा," ते म्हणाले. "फक्त सावकाश."

मी रिक्षा केली आणि थेट दहिसर गाठलं. आई दारातच तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली आणि दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं.

"आई, दूध नको. भाकरी कर. मला भूक लागलीय."

"आज गुरवार मां? तुझो उपास. माझो पण उपास आसा."

"तुझा? कधीपासून?"

"तुझो चालू झालो तेवापासून."

मला वाटायचं, मी गेल्यावर ती जेवत असेल. चार वर्षं, दर गुरुवारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई कपभर दुधावर!

"कशासाठी पण?"

"तू काय मागतंस ता माका ठावक नाय. तू सांगूक नाय, मी इचारूक नाय. पण दोघांनी मागला तर लवकर गावता."

मग मी सगळं सांगितलं. दुर्बीण, बेरियम, बेसिन, सगळं. बाबांचं नाव मात्र मी घेतलं नाही, तरी का लपवलं ते तिला बरोबर कळलं. मला वाटलं रडेल.

"आवशीक सांगूक काय झाला होता तुका?" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारीण डोकावून गेली. मग तिनं गॅस बंद केला, देवाकडे बघून हात जोडले आणि पाण्याचं आधण ठेवलं. उकड काढली, मळली, थापली.

पहिला घास मी भीतभीतच गिळला. तो गेला. दुसराही गेला. खोबऱ्याच्या चटणीबरोबर मी अर्धी भाकरी संपवली तरी आई माझ्या गळ्याकडेच बघत होती. मी तिच्या ताटात भाकरी वाढली. म्हटलं, तूही सोड आता उपवास.

तिनं स्वतःपुरता चहा केला, तुकडा मोडला, कपात बुडवला, पार लगदा होईपर्यंत थांबली आणि मग तोंडात घालून न चावताच गिळला. दुसराही तसाच.

"आई, भाकरी चहात कशाला भिजवतेस?"

तिनं गाल बोटानं बाजूला ओढून दाखवला. मागे एकही दाढ नव्हती.

"कधी गेल्या गं?"

"दोन वर्सां झाली," ती म्हणाली. "माझ्याबरोबर जेवक कधी बसलंस तू?"