D ड्राइव्हला काही होत नाही

“C चं काय करायचं ते करा मॅडम, पण D ला हात लावू नका. आमचं सगळं D मध्ये आहे,” गायकवाड साहेब म्हणाले.

साहेब चाकणच्या एका गिअरचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी हेड. मी बाहेरून येणारी कॉम्प्युटर सर्व्हिसवाली. सीएमएमच्या पीसीवर नवीन विंडोज टाकायचं होतं. सीएमएम म्हणजे तयार पार्ट केसापेक्षा बारीक फरकानं मोजणारं मशीन. कुठला पार्ट कुठे मोजायचा याचे वर्षानुवर्षं बनवलेले प्रोग्रॅम त्या पीसीत होते. ते गेले तर रिपोर्ट नाही, आणि रिपोर्टशिवाय गेटवरचा ट्रक हलत नाही.

अडचण अशी की जुनं विंडोज ज्यात होतं तो C एवढुसा. नवं त्यात मावेना. D मात्र ऐसपैस. म्हणजे D मधलीच जागा काढून C ला द्यायला हवी होती.

“बॅकअप आहे ना?”

“आहे की. D मध्ये.”

“आणि D चा?”

“D चा कशाला? एवढ्या वेळा फॉरमॅट मारला. C उडतो. D ला काही होत नाही.”

ही समजूत मला प्रत्येक कंपनीत भेटते. C आणि D या दोन डिस्क नव्हेत. खोली एकच, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. C मध्ये रंगकाम काढलं तर D मधला माणूस निवांत झोपतो, हे खरं. पण छतच खाली आलं तर प्लायवूड काय करणार? हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

कॉपी करत बसलात तर शिफ्ट जाईल, म्हणाले. कॉपी झाल्याशिवाय मी हात लावणार नाही, मी म्हटलं. तुमच्या आधीचा इंजिनिअर चहा येईपर्यंत काम उरकायचा, असंही त्यांनी ऐकवलं. राग आला, पण वाद घातला नाही. माझी एक्सटर्नल ड्राइव्ह जोडली, कॉपी लावली आणि खुर्ची ओढून बसले. ट्रकवाला साहेबांना फोन करत होता आणि साहेब येऊन स्क्रीनवरची पट्टी बघून जात होते.

कॉपी झाली. काही प्रोग्रॅम उघडून खात्री केली आणि पार्टिशन सरकवायला घेतलं. अर्ध्यावर पट्टी थांबली. डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, मग तोही बंद झाला. डिस्क जुनी होती, तिनं मान टाकली. C गेला. D पण गेला.

साहेब स्टुलावर बसले. मग हळूच विचारलं, “तुमच्या त्यात सगळं आलंय ना?”

आलं होतं. भोसरीहून नवी डिस्क मागवली, विंडोज टाकलं, प्रोग्रॅम परत भरले. संध्याकाळी ट्रक सुटला. साहेबांनी आग्रहानं मिसळ खायला घातली. ती ड्राइव्ह मी बॅकअप म्हणून त्यांच्या कपाटात ठेवून आले.

पुढच्या व्हिजिटला साहेब खुशीत होते. त्या दिवशी चांगलाच धडा मिळाला, म्हणाले. म्हणून नव्या डिस्कवर त्यांनी स्वतः तिसरं पार्टिशन पाडलं होतं.

“आता D चा बॅकअप E मध्ये असतो,” ते म्हणाले आणि माझी ड्राइव्ह माझ्या हातात ठेवली. “आतलं सगळं पुसून दिलीय. दुसऱ्याची वस्तू किती दिवस अडकवून ठेवायची?”

माणूस अनुभवातून शिकतो. काय शिकतो, ते आपल्या हातात नसतं. मी ड्राइव्ह पुन्हा जोडली आणि कॉपी लावली.