हिऱ्याच्या सुईला भस्म

मला राग लवकर येतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या खंडेनवमीला आला तसा राग मला आधी कधी आला नव्हता, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

त्याचं मूळ एका रेकॉर्डमध्ये आहे. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अहमदपूरला किराणा दुकान. तरुणपणी ते तबला वाजवायचे. एका नावाजलेल्या भजनी बुवांबरोबर मुंबईला जाऊन त्यांनी एकदाच रेकॉर्डवर साथ केली होती. रेकॉर्ड बाजारात आली. वेष्टनावर बुवांचं नाव होतं, पेटीवाल्याचं होतं, कंपनीचं तर चार ठिकाणी होतं. तबला जणू आपोआप वाजला होता. अप्पा मात्र सांगायचे, शेवटच्या भजनात तबल्याची तिहाई, तीनदा वाजवायचा तो शेवटचा तुकडा, संपली तेव्हा बुवा हळूच 'वा' म्हणाले आणि त्यांनी माझं नाव घेतलं. छापलं न्हाई तर न्हाई, रेकॉर्डात हाय.

ते नाव कुणालाच कधी ऐकू आलं नाही. गावातल्या लग्नाकार्यांत लाउडस्पीकरवाल्याच्या जड पिनेखाली ती रेकॉर्ड इतकी घासली गेली होती की नेमक्या त्या जागी भजी तळल्यासारखा चुरचुर आवाज यायचा. पाहुणे आले की माझा थोरला भाऊ, दादा, मुद्दाम तो विषय काढून हसायचा. अप्पाही हसायचे. मला दादाच्या अंगावर ताट फेकावंसं वाटायचं.

मग अप्पांचे कान जायला लागले. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या यंत्राने थोडंफार बोलणं कळेल, पण कान आणखी जातच राहतील. मी नांदेडला बँकेत नोकरी करते आणि घरी रेकॉर्ड ऐकायचा मला नाद आहे. मी हट्टालाच पेटले. कान आहेत तोवर अप्पांना त्यांचं नाव ऐकवायचं.

त्यासाठी मी मूव्हिंग कॉइलचं जपानी कार्ट्रिज, म्हणजे खाचेतून आवाज उचलणारा सुईसकटचा भाग, घेतलं. बऱ्याच साध्या कार्ट्रिजमध्ये लोहचुंबक हलतं आणि तारेचं वेटोळं जागच्या जागी असतं. यात उलटं. केसाहून बारीक तांब्याच्या तारेची इवलीशी गुंडाळी सुईच्या दांडीलाच बसवलेली असते आणि चुंबकांच्या मधोमध तीच थरथरते. तिला वजनच नसल्यासारखं, म्हणून खाचेतली बारीकशी खूणही ती सोडत नाही. आवाज मात्र इतका क्षीण निघतो की तो वाढवायला वेगळं यंत्र लागतं. दांडी बोरॉनची, कडक पण काचेसारखी ठिसूळ. टोकाला हिरा, आणि त्याला घडवलेलं असं की जुन्या पिनेने जिथे घासलं नाही तिथे, खाचेच्या भिंतीला तो टेकतो. मला तेवढंच हवं होतं.

दसऱ्यासाठी अप्पांना नांदेडला आणलं. रेकॉर्ड धुऊन, पुसून ठेवली; पहिल्यांदा अप्पांसमोरच लावायची होती. खंडेनवमीच्या सकाळी मी फुलं आणायला बाहेर पडले. अप्पा आयुष्यभर त्या दिवशी दुकानातला तराजू, मापं, अडकित्ता, तबल्याची हातोडी अशा सगळ्यांना भस्म लावून पूजा करत आलेले. माझ्या घरात त्यांनी आधी विळी पुजली, मग स्कूटी, आणि मग माझं रेकॉर्डचं यंत्र. ओल्या भस्माची तीन बोटं झाकणावर ओढली. नंतर झाकण उघडून एक बोट सुईला लावलं.

मी आले तेव्हा दांडी मोडली होती, हिरा कुठेतरी उडाला होता आणि तारेच्या गुंडाळीवर भस्माचा लेप बसला होता.

"तिलाच आधी लावायचं व्हतं माय," अप्पा म्हणाले. "नाव तिच्यातूनच येणार न्हाई का?"

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार? अप्पांचा राग आला होता आणि तो अप्पांवर काढता येत नव्हता, याचा वेगळा राग.

ज्याच्याकडून कार्ट्रिज घेतलं होतं तो पुण्याचा दुकानदार फोनवर आधी हसला. मग म्हणाला, मॅडम, ही वस्तू देवघरात ठेवायची नसते. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कंपनी दुरुस्ती करत नव्हती. मोडकं परत घ्यायचं आणि थोडी सूट देऊन नवं गळ्यात मारायचं, याला ते ग्राहकसेवा म्हणत होते. एका माणसाने हाताने गुंडाळलेली तार दुसऱ्या माणसाने उघडूनसुद्धा पाहू नये, हा कुठला न्याय? शेवटी परदेशातला एक कारागीर गुंडाळी साफ करून नवी दांडी आणि नवा हिरा बसवायला तयार झाला. त्याने काम केलं, तर पार्सल कस्टममध्ये अडकलं. मी अर्ज लिहीत राहिले, फोन करत राहिले, आणि दर रविवारी अहमदपूरला गेले की अप्पांशी मागच्यापेक्षा मोठ्याने बोलावं लागायचं.

पार्सल आलं तेव्हा उन्हाळा संपत आला होता. तोवर अप्पांना मंदिरातली घंटाही ऐकू येत नव्हती. तरी त्यांना घेऊन या, असं मी दादाला सांगितलं, आणि तो घेऊन आला.

अप्पा स्पीकरसमोर मांडीवर हात ठेवून बसले. मी सुई ठेवली. चुरचुर होती, पण मागे, लांब. तबला इतका स्वच्छ निघाला की डग्ग्यावर घासलेला तळहातही कळत होता. तिहाई समेवर आली. बुवा म्हणाले, "वा रे पोरा."

मी सुई उचलून पुन्हा ठेवली. वा रे पोरा. तिसऱ्यांदाही तेच.

आख्खं भजन ज्याच्या हातांवर तोललं होतं, त्याचं नाव त्या बुवाला ठाऊकही नसावं. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. मी दिल्या, मनात, भरपूर. आणि मग लक्षात आलं, खंडेनवमीला ती सुई मोडली नसती तर अप्पांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं.

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. "घेतलं का?" त्यांनी विचारलं.

दादा फरशीकडे बघत होता. त्याने सगळं ऐकलं होतं आणि तो हसला नव्हता. आमच्यात बापाचं नाव बापासमोर कुणी तोंडाने घेत नाही. मी अप्पांच्या कानाशी वाकले आणि अंगात होता नव्हता तेवढा राग एकवटून, शेजारी गॅलरीत येतील अशा आवाजात आधी 'वा' म्हणाले आणि मग त्यांचं नाव घेतलं.

अप्पांनी मान डोलावली.

"हाव," ते म्हणाले. "पण एवढ्या मोठ्यानं न्हाई म्हणले व्हते बुवा."